एमएसडब्ल्यूला (मास्टर ऑफ सोशल वर्क) पोरं नेमकी का येतात? बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्यांनी खरं सांगा

तिसरं_रेल्वेगेट (धागाकर्ती) | रविवार, दुपारी 3.20

प्रवेशाचा हंगाम आला की ओळखीपाळखीतल्या पोरांचे फोन सुरू होतात. "ताई, मुलाखतीत 'सोशल वर्कच का?' असं विचारतात म्हणे. काय सांगायचं?" मी बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्यात वैद्यकीय समाजसेविका आहे. आठवड्यातले दोन दिवस एमएसडब्ल्यूची पोरं फील्डवर्कला माझ्याकडे असतात, त्यामुळे मला विचारणं साहजिक आहे. गंमत अशी की कारण त्यांच्यापाशी असतंच. ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही असं वाटतं, म्हणून ते माझ्याकडून एखादं चांगलंसं उत्तर मागतात.

मुलाखतीतलं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. लहानपणापासून गोरगरिबांच्या सेवेची आवड, मग बाबा आमटे, मग मदर तेरेसा. समोरचे सरही मान डोलावतात. दोन्हीकडून रीत पाळली जाते आणि प्रवेश होतो.

आता एक प्रसंग. जांबोटीकडची एक म्हातारी वॉर्डात होती, डिस्चार्ज मिळाला होता. आमच्याकडे आलेल्या मुलीच्या हातात छापील तक्ता: कुटुंबातील सदस्य, उत्पन्न, व्यसन, समस्येचे स्वरूप. तिने दोन-तीन रकाने भरले आणि तक्ता उशाशी ठेवून दिला. म्हणाली, "आज्जी, गाडी किती वाजताची? स्टँडपर्यंत कोण सोडणार?" मग औषधाच्या खिडकीवर जाऊन गोळ्या आणल्या, रिकामी पाकिटं मागून घेतली, आणि एकावर उगवता सूर्य, एकावर डोक्यावरचा सूर्य, एकावर चांदणी काढली. म्हातारीला ना मराठी वाचता येत होतं ना कन्नड. जेवणाआधीच्या गोळीच्या पाकिटावर रिकामं ताट आणि जेवणानंतरच्या पाकिटावर भाकरी ठेवलेलं ताट.

नंतर मी तिला विचारलं, हे कुठे शिकलीस? "आईला टीबी झालेला. गोळ्या मीच द्यायची. सातवीत होते."

तिच्या अर्जात काय होतं माहितेय? सेवेची आवड.

माझं मत असं झालंय की आपल्या भागातली बरीच पोरं या कोर्सला येण्याआधी काही वर्षं हेच काम करत असतात, घरात आणि गल्लीत. फक्त त्याला कुणी काम म्हणत नाही, म्हणून कारण म्हणून सांगायची लाज वाटते. पटतंय का? जे शिकले, शिकतायत, शिकवतायत त्यांनी आपापलं लिहा. आदर्श उत्तरं नकोत, ती माझ्याकडे फाइलभर आहेत.

---

राकसकोप_फुल्ल | रविवार, दुपारी 3.55

कशाला ओ एवढा विचार? बीएला 50 टक्के, बीएडला पैसे नाहीत, एमबीए झेपत नाही. राहिलं काय? एमएसडब्ल्यू. संपला धागा. (हलकेच घ्या.)

---

निपाणीची_पोर | रविवार, सायंकाळी 5.10

ताई, पटलं. मी माझंच सांगते.

आई विड्या वळायची, अजून वळते. आमच्या गल्लीत घरटी एक तरी बाई सूप मांडीवर घेऊन बसलेली असते. मजुरी हजारावर मिळते, आणि माल द्यायला गेलं की खराब म्हणून बाजूला किती काढतात यावर आठवड्याचा बाजार ठरतो. 1966 साली विडी कामगारांचा कायदा झाला, 1976 ला कल्याण निधीचा. म्हणजे कागदावर दवाखाना, घरासाठी मदत, पोरांना शिष्यवृत्ती, सगळं आहे. पण त्यासाठी विडी कार्ड म्हणजे विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं, आणि ते कार्ड मिळवणं हा वेगळा उद्योग.

मी आठवीत असताना शिष्यवृत्तीचा स्वतःचा फॉर्म स्वतः भरला. झालं! गल्लीतल्या बायका रांगेने आल्या. "अगं माझ्या पोरीचा पण भर." मग पीएफ, मग रेशन कार्ड, मग कुणाच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला. आम्ही सगळी मराठी शाळेत शिकलेली, आणि फॉर्म कन्नडमध्ये. मी कन्नड शिकले ते या फॉर्मांवर. 2023 ला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार सुरू झाले तेव्हा तर आमच्या उंबऱ्यावर चपलांचा ढीग असायचा. कुणाच्या आधारवर नाव एक, रेशन कार्डावर दुसरं, बँकेत तिसरंच.

एमएसडब्ल्यूला आले ती यामुळेच. एक बाई आमच्याकडे सर्व्हे करायला आलेल्या. त्यांना मी विचारलं, हे काम करायला काय शिकावं लागतं? त्या म्हणाल्या एमएसडब्ल्यू. मला त्या दिवशी कळलं की जे मी फुकट करतेय त्याचा पगार मिळतो.

मुलाखतीत अर्थातच मदर तेरेसा सांगितलं.

---

खानापूरचा_गडी | रविवार, रात्री 8.30

आमचं काय सेवाबिवा नव्हतं बघा. आमच्या गावात पोरगं दहावी झालं की पहाटे उठून पळायला लागतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, त्यामुळे घरात कुणी ना कुणी फौजेतला असतोच. मीपण पळालो. रनिंग निघालं, मेडिकलला कान नडला. मग पोलीस भरती. तिथं कन्नडचा पेपर नडला. मग 2022 ला अग्निपथ आलं आणि धाकट्या पोरांनी पण पळणं कमी केलं.

राकसकोपसाहेब म्हणतात तसा मी उरलेल्यातच मोडतो. पण आल्यावर काय झालं ते ऐका. आमचा रुरल कॅम्प भीमगड अभयारण्याच्या बाजूला. गवाळी, पास्टोली, आमगाव ही गावं माहीत असतील. पावसाळ्यात वाट बंद, आजाऱ्याला खांद्यावरून आणायचं. जंगलखात्याचं म्हणणं गाव उठवा, गावात दोन तट. वर्गातली शहरातली पोरं वहीत "स्थलांतरास विरोध" लिहून मोकळी. मला दिसत होतं की विरोध करणारा म्हातारा जमिनीसाठी बोलत नाही, त्याची म्हसरं कुठं चरणार त्यासाठी बोलतोय. आणि म्हातारीला जायचंय, तिला लेकीच्या गावाजवळ राहायचंय. एकाच चुलीवर दोन मतं. आमची आजी त्याच बाजूची, म्हणून मला कुणी दार लावलं नाही.

आता एका संस्थेत आहे, पाणलोटाचं काम. पगार सांगण्यासारखा नाही. फौज अजून मनातून गेलेली नाही, खोटं कशाला बोलू.

---

मांडे_की_कुंदा | रविवार, रात्री 9.15

मुलींचं एक कारण कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लग्न.

बीए झालं की बघायला येणं सुरू. "शिकते आहे" हे एकच उत्तर पाहुण्यांना चालतं, आणि एमएसडब्ल्यू दोन वर्षांची. माझ्या वर्गातल्या निम्म्या जणी तरी ती दोन वर्षं विकत घ्यायला आल्या होत्या. आणि मिळाली की त्या दोन वर्षांत फिरायची मोकळीक! आमच्या घरी मैत्रिणीकडे जायला नाही म्हणायचे. पण "फील्डवर्क आहे, सही लागते" म्हटलं की बाबा स्वतः स्टँडवर सोडायचे. मी झोपडपट्टी बघितली, जेल बाहेरून बघितलं, कौटुंबिक न्यायालयात बसले. आमच्या घरातली पहिलीच मुलगी मी, जिला गोकाकचा बाजार आणि गोकाकचं पोलीस ठाणं दोन्ही माहीत आहेत.

दुसरं, बस. हसू नका. 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सारिगेची, म्हणजे कर्नाटकची सरकारी, बस फुकट झाली. माझ्या धाकट्या बहिणीचं कॉलेज त्यावर ठरलं. तिला खरं तर कोल्हापूरला जायचं होतं, तिथल्या कोर्सचं नाव आहे, शिकवणं मराठी-इंग्रजीत, शिवाय महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मुलांना महाराष्ट्रात प्रवेशाला सवलत आहे. पण रोज जाऊन येऊन करायचं तर दूधगंगेचा पूल ओलांडला की हिशोब बदलतो, आणि राहायचं तर होस्टेल. शेवटी आईने बोटांवर हिशोब केला आणि राणी चन्नम्मा विद्यापीठाचा फॉर्म आणला. आता तुम्ही प्रेरणा वगैरे म्हणाल. तिकीट म्हणा.

---

राकसकोप_फुल्ल | रविवार, रात्री 9.40

+1 मांडेताई. एवढं खरं आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

---

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट | सोमवार, सकाळी 7.05

शिफ्ट संपवून आलो, धागा वाचला. आता मला शिव्या पडतील, तरी लिहितो.

मी एमएसडब्ल्यू, स्पेशलायझेशन एचआर. आमच्या बॅचमध्ये बहुतेक मुलांनी एचआरच घेतलं. समाजकार्याची डिग्री घेऊन कारखान्यात बसतात म्हणून नाकं मुरडणारे खूप भेटतात. त्यांना माहीत नसतं की 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 49 होतं: 500 किंवा जास्त कामगार असतील तर कल्याण अधिकारी नेमायलाच लागायचा. ही कामगार कल्याणाची नोकरी समाजकार्यवाल्यांची फार जुनी आहे. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तिथूनही गिरण्यांकडे माणसं जायची. आम्ही काही नवं पाप केलेलं नाही.

माझे वडील फाउंड्रीत मोल्डर. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. अपघात झाला त्या दिवशी त्यांची हजेरीच लागलेली नव्हती असं निघालं. कंपनीचं नाव घेत नाही, आता बंदही झाली. ईएसआयची, म्हणजे कामगार विम्याची, केस आई चालवत होती, तिला फक्त सही येते. ऑफिसात एकच माणूस तिच्याशी नीट बोलला, खुर्ची दिली, कुठल्या टेबलाला कुठला कागद ते लिहून दिलं. तो तिथला वेल्फेअर ऑफिसर. मी ठरवलं हा माणूस व्हायचं. आवड म्हणा, राग म्हणा.

---

राकसकोप_फुल्ल | सोमवार, सकाळी 9.20

आणि आज शो-कॉज नोटिशीवर सही कोण करतं सेकंड शिफ्टवाले?

---

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट | सोमवार, दुपारी 1.10

मीच करतो. मॅनेजमेंट सांगतं तेव्हा करतो. आणि हजेरी लागल्याशिवाय एकही माणूस भट्टीजवळ जात नाही, तेही मीच बघतो. तुम्ही दोन्ही लिहा ना, एकच का लिहिता?

---

घटप्रभेकाठी | सोमवार, रात्री 11.30

दोन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको करत होतो.

माझी आई सौंदत्तीला यल्लम्माला सोडलेली, म्हणजे देवदासी. आमच्या बाजूला एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. गळ्यात लाल-पांढरे मणी तिच्या आजीने बांधले, आईला तेव्हा कळतही नव्हतं. बेळगाव मुंबई इलाख्यात होतं तेव्हा 1934 ला देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, कर्नाटकाने 1982 ला बंदीचा केला. आईला मणी बांधले ते या दुसऱ्या कायद्यानंतर. एवढंच सांगतो, कायद्यांवर माझा राग नाही.

कॉलेजच्या अर्जात वडिलांचं नाव हा रकाना असतो. मी तिथे आईचं नाव लिहायचो. बहुतेक ठिकाणी चालून जायचं. एका तालुक्याच्या ऑफिसात बसलेल्या बाईंनी आख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "बाप कोण सांगता येत नाही का?" आई बरोबर होती. मी तेव्हा अकरावीत. त्या टेबलाच्या पलीकडे बसायचं हे तिथे डोक्यात बसलं. सेवा, समाज, यातलं काही नाही. मला ती खुर्ची पाहिजे होती.

आता दुसरी बाजू लिहितो, कारण तिसऱ्या गेटच्या ताईंनी घरच्या अनुभवाचं कौतुक केलंय आणि ते वाचून मला थोडं अंगावर आलं. मी एमएसडब्ल्यूला गेलो आणि पहिल्याच महिन्यात कळलं की माझी गोष्ट कॉलेजच्या कामाची आहे. पाहुणे आले, कार्यशाळा आली, बाहेरून कोण प्राध्यापक आले की मला पुढे. "हा आमचा विद्यार्थी, देवदासीचा मुलगा." मी बोलायचो, बायका डोळे पुसायच्या, शाल मिळायची. आमच्या वर्गात एका मोठ्या वकिलांचा मुलगा होता. त्याला कुणी एकदाही विचारलं नाही की तुझ्या घरात काय काय झालं ते सांग, आणि त्या बिचाऱ्याच्या घरात बरंच काही झालेलं होतं, हे मला पुढे कळलं. अनुभव असलेल्या पोराने सांगायचं आणि बाकीच्यांनी शिकायचं, अशी वाटणी होते. मला केसवर्क शिकायचं होतं हो. रिपोर्ट लिहायला, कायदा वाचायला, बजेट मांडायला. ती शिकवणी त्या वकिलाच्या पोराला जास्त मिळाली, कारण त्याच्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं.

अवांतर नाही पण अवांतर: घटप्रभेला मास नावाची संस्था आहे. सोडलेल्या बायकांनीच चालवलेली. तिच्या सीतव्वा जोडट्टींना 2018 साली पद्मश्री मिळाली, त्या स्वतः सातव्या वर्षी सोडलेल्या. त्यांना कुणी मुलाखतीत "हेच क्षेत्र का?" असं विचारलं असेल का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

आज मी बाल संरक्षणाच्या कामात आहे. खुर्ची मिळाली. अर्ज घेताना वडिलांचा रकाना मी विचारत नाही. आई आहे का एवढं विचारतो, आणि नसेल तर कोण सांभाळतं.

---

तिसरं_रेल्वेगेट (धागाकर्ती) | मंगळवार, सकाळी 6.50

घटप्रभेकाठी, तुमचं लिहिणं सकाळी बसमध्ये वाचलं. कौतुकाचा धोका तुम्ही बरोबर पकडलात. आमच्याकडेही असं होतं: ज्या मुलीच्या घरात दारू आहे तिलाच व्यसनमुक्तीच्या वॉर्डात पाठवायचं, "तिला समजतं" म्हणून. समजतं हे खरं, पण ती रात्री घरी जाऊन तेच परत बघणार असते. यापुढे प्लेसमेंट ठरवताना मी त्या-त्या मुलाला आधी विचारणार.

पण माझं म्हणणं मी सोडत नाही. पाकिटावर सूर्य काढणारीला तो सूर्य आमच्या कुठल्या पेपरात मिळाला नसता.

---

गडहिंग्लजचा_म्हातारा | मंगळवार, सकाळी 10.15

मी हद्दीच्या अलीकडचा, महाराष्ट्रातला, पण सोयरीक सगळी निपाणी-संकेश्वरात. आमच्या काळात ही डिग्री कुणाला माहीत नव्हती. 1975 ला आमच्या गडहिंग्लजला बाबा आढावांच्या पुढाकाराने देवदासींची परिषद झाली. 1981 ला निपाणीच्या तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी शरद जोशींबरोबर हायवे अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. निपाणीत विडीवाल्या बायकांची संघटना सुभाष जोशी सरांनी बांधली, तेही कॉलेजात शिकवणारे, समाजकार्याचे पदवीधर नव्हेत. माणसं चळवळीतून यायची. आणि मागं गेलात तर 1925 साली निपाणीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली होती, तिथं आलेल्या माणसांच्या घरातून पुढच्या तीन पिढ्या या कामात आहेत. आता पोरं येतात ती फॉर्म भरून आणि जातात ती प्रोजेक्ट संपल्यावर. राग नाही, पण फरक आहे.

---

निपाणीची_पोर | मंगळवार, दुपारी 2.00

आजोबा, नमस्कार. त्या संघटनेच्या मोर्चाला आमची आजी गेलेली. घरात त्याची गोष्ट अजून सांगतात. पण मोर्चा झाल्यावर कार्ड कुणी काढलं, ते विचारा. घरोघर जाऊन नावं उतरवणारं कुणीतरी होतंच ना. ते काम आम्ही करतो. त्याला पगार मागितला तर एवढं वाईट का वाटावं?

---

गडहिंग्लजचा_म्हातारा | मंगळवार, दुपारी 4.45

आजीचं नाव मला निरोपात कळव. ओळखत असणार मी.

---

लेस्टरवाली_शहापूरकर | मंगळवार, रात्री 10.05

मी मूळची शहापूरची, आता इंग्लंडमध्ये सोशल वर्कर. इथलं थोडं सांगते, कारण घटप्रभेकाठी यांच्या मुद्द्याशी जुळतं.

इथे 2005 पासून नोंदणी असल्याशिवाय स्वतःला सोशल वर्कर म्हणवता येत नाही. डिसेंबर 2019 पासून नोंदणीचं काम सोशल वर्क इंग्लंड ही संस्था बघते. माझ्या वर्गात तिशी-चाळिशीच्या बायका जास्त: कुणी आजारी आईला सांभाळलेलं, कुणी केअर होममध्ये कामाला होत्या, एकजण स्वतः सरकारी देखरेखीत वाढलेली. कारणं विचाराल तर आपल्यासारखीच. पोरं शाळेत गेली, घटस्फोट झाला, आणि पक्की नोकरी पाहिजे.

फरक मुलाखतीत. प्रवेशाच्या पॅनेलवर प्राध्यापक असतात, नोकरी देणारे असतात, आणि ज्यांनी आयुष्यात या सेवा घेतल्यात अशी माणसंही असतात. माझ्या मुलाखतीला एक गृहस्थ होते, मानसिक आजारातून उठलेले. मी माझं ठरवलेलं भाषण सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मी तुमच्याशी खोटं बोललो तर तुम्ही काय कराल?" माझी पाटी कोरी. त्या प्रश्नाचं पाठ उत्तर नव्हतं. आपल्याकडे पॅनेलवर एखादी विडी वळणारी बाई, एखादी सोडलेली बाई का बसू नये? खर्च चहाचा.

आणि स्वतःच्या घरचं दुःख अर्जात लिहिलं तर इथे पुढचा प्रश्न येतो: त्यातून तू आता कुठे आहेस, आणि त्रास झाला तर कुणाकडे जाशील? गोष्ट सांगायला लावत नाहीत.

---

येळ्ळूर_वेस | बुधवार, सकाळी 8.20

वरच्या बऱ्याच जणांनी कन्नडच्या फॉर्मांचं लिहिलंय, पण का लिहावं लागतं ते कुणी बोलत नाही. आमचं घर समितीचं, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचं. 1 नोव्हेंबरला काळा दिन, 17 जानेवारीला हुतात्मे, हे आमच्या कॅलेंडरात दिवाळीइतकं पक्कं. वडील आयुष्यभर निवेदनं लिहीत आले. कलेक्टरला, मुख्यमंत्र्यांना, दिल्लीला. मी लहानपणी कार्बन पेपर लावून द्यायचो. म्हणून एमएसडब्ल्यू. लोकांचं म्हणणं कागदावर आणायचं हे घरातच बघितलं होतं. 2004 पासून सीमाप्रश्नाचा खटला सुप्रीम कोर्टात आहे आणि आम्ही

---

येळ्ळूर_वेस | बुधवार, सकाळी 8.24

(अर्धवट गेला प्रतिसाद.) ...आणि आम्ही अजून झेरॉक्स काढतोय. असो. मला पहिल्या वर्षी फील्डवर्कला दिलं बैलहोंगलच्या बाजूचं गाव. घरातून विरोध. मीपण गेलो ते तोंड पाडून. मला कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं. पहिल्या दिवशी कट्ट्यावरच्या बायकांनी विचारलं, "नी यार मगा?" (तू कुणाचा मुलगा?) सांगितलं. त्यांना गाव कळलं, आडनाव कळलं, सगळं कळलं. एकीने चहा आणला. 2019 च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेचं पाणी तिच्या घरात छातीपर्यंत आलेलं आणि पडलेल्या भिंतीचे पैसे अजून मिळाले नव्हते. फॉर्म तिच्याच भाषेतला होता. तरी तिला तो भरता आला नव्हता.

माझं राजकारण बदललं असं समजू नका. काळ्या दिनाला मी यंदाही होतो. पण त्या बाईचं निवेदन मी कन्नडमध्ये लिहिलं, चुका तिच्या नातवाने काढल्या.

---

राकसकोप_फुल्ल | बुधवार, सकाळी 9.00

आता दोनशे प्रतिसाद सीमाप्रश्नावर. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

संपादक | बुधवार, सकाळी 9.30

सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, तिकडे लिहा. त्या विषयावरचे चार प्रतिसाद हलवले आहेत. येळ्ळूर_वेस यांचा प्रतिसाद विषयाला धरून आहे, ठेवला आहे.

---

नंदगडची_मुलगी | बुधवार, दुपारी 12.40

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. बीए झालं, समाजशास्त्र. घरी शेती, वडील नाहीत. आई आशा कार्यकर्ती आहे. कोविडमध्ये ती घरोघर जायची तेव्हा रजिस्टर मी लिहायची. मला मेडिकल-सायकियाट्रिक घ्यायचं आहे. मामा म्हणतात एचआर घे, नोकरी लागेल. कन्नड बोलते, पण लिहिताना चुकते. वरचं सगळं वाचून आता मदर तेरेसा सांगायची लाज वाटतेय. मग काय सांगू?

---

खानापूरचा_गडी | बुधवार, दुपारी 1.05

नंदगड म्हणजे आमच्याच तालुक्यातली. रजिस्टरचं सांग की. दुसरं काही सांगू नको.

---

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट | बुधवार, दुपारी 3.30

मामा चुकीचे नाहीत, पण हेही माहीत असू दे: एचआरला आता एमबीएवाले पण उभे असतात, नुसत्या एमएसडब्ल्यूला पूर्वीसारखा भाव नाही. बेळगावात राहायचं असेल तर फाउंड्री, हुबळी किंवा पुण्याला जायची तयारी असेल तर जास्त वाव. मेडिकलवाल्यांचा विषय ताई सांगतील.

---

तिसरं_रेल्वेगेट (धागाकर्ती) | बुधवार, रात्री 8.10

नंदगड, ऐक.

मेडिकल-सायकियाट्रिकच्या जागा कमी असतात आणि बऱ्याच कंत्राटी. समुपदेशक, टीबी-एचआयव्हीचे प्रकल्प, खासगी दवाखाने, शिवाय बाल संरक्षणाच्या जागा. सरकारी म्हटलं की कन्नड लिहिता यायलाच हवं, त्यातून सुटका नाही. आत्तापासून रोज एक पान लिही. एक चांगली गोष्ट म्हणजे 2021 च्या केंद्राच्या कायद्याने दवाखान्यातल्या आणि मानसोपचारातल्या समाजकार्यकर्त्यांना आरोग्य व्यावसायिकांत धरलंय. बाकीच्या समाजकार्याला देशात अजून नोंदणीची परिषद नाही. याचा पगारावर लगेच फरक पडेल असं मी सांगणार नाही.

मुलाखतीत रजिस्टरचं सांग, पण आईच्या कष्टांचं वर्णन करत बसू नकोस. रजिस्टरमध्ये काय लिहायचीस ते सांग. कुठल्या घरात माहिती खोटी मिळायची, ते तुला कसं कळायचं, तेव्हा तू काय करायचीस. वडिलांचं विचारलं आणि तुला बोलायचं नसेल तर "नाहीत" एवढं पुरे.

---

नंदगडची_मुलगी | बुधवार, रात्री 8.35

खोटी माहिती मिळायची. मुंबई-पुण्याहून परत आलेली माणसं लोक लपवायचे, क्वारंटाइनच्या भीतीने. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळायचं. आई कपड्यांचं काही बोलायची नाही, नुसतं विचारायची, "पाहुण्यांना ताप आहे का?" हे सांगितलं तर चालेल?

---

लेस्टरवाली_शहापूरकर | बुधवार, रात्री 8.50

अगं, हेच सांग!

---

घटप्रभेकाठी | बुधवार, रात्री 10.20

चालेल. आणि ते पुढे कार्यक्रमात सांगायला लावतील. एकदा सांग, दुसऱ्यांदा "मला रिपोर्ट लिहायला शिकवा" म्हण.

---

मांडे_की_कुंदा | बुधवार, रात्री 10.45

उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला नाडकचेरीतून (गावाकडच्या महसूल ऑफिसातून) आधीच काढून ठेव, शिष्यवृत्तीला लागतो आणि ऐन वेळी सर्व्हर बंद असतो. बसला आधार कार्ड विसरू नकोस, नाहीतर तिकीट काढावं लागतं. खानापूरहून सकाळची गाडी भरून येते, नंदगडहूनच जागा धर.